दादाजानच्या रेकॉर्ड भंगारात देण्याआधी

घर रिकामं करायची वेळ आली की माळ्यावरून काय काय खाली येतं! तांब्याची मोठी देगची, जुन्या रजया, निकाहच्या वेळची पत्र्याची पेटी आणि एखादा जड लाकडी खोका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा असाच एक खोका खाली आला. मरहूम दादाजानचा होता. आत खाकी पाकिटांत काळ्या तबकड्या. भंगारवाला दारातच उभा होता, त्याने किलोचा भाव सांगितला. घरच्यांची तयारी झालीच होती, पण कॉलेजात जाणारी नात म्हणाली, "यात काय आहे ते एकदा ऐकू तरी. विकायचं तर उद्याही विकता येईल."

त्या खोक्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण मुलीचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. मोबाइलवर बोट ठेवलं की हवं ते गाणं लागतं. मग या जुन्या तव्यांसाठी लोक आजही एवढा जीव का टाकतात? आणि आपल्या घरांत पडलेल्या तव्यांचं आपण काय करायचं?

संपलेली गोष्ट परत आली

आधी थोडी आकडेवारी. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डच्या विक्रीतून मिळालेली रक्कम सीडीपेक्षा जास्त झाली. असं १९८६ नंतर पहिल्यांदाच घडलं. २०२२ साली तर नगांच्या हिशेबातही रेकॉर्ड पुढे गेल्या. सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाखांच्या आसपास राहिल्या. घेणाऱ्यांमध्ये तरुण खूप आहेत. त्यांच्या लहानपणी रेकॉर्ड जवळजवळ बंद झाल्या होत्या, म्हणजे ही नुसती म्हाताऱ्यांची आठवण नाही.

आपल्याकडे १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि रेकॉर्ड मागे पडल्या. पुढे कारखानेही थांबले. आता मुंबईत रेकॉर्ड दाबण्याचं काम पुन्हा सुरू झालंय. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर तर जुन्या रेकॉर्डचं गिऱ्हाईक कधी पूर्ण तुटलंच नव्हतं.

लाखेची रेकॉर्ड वेगळी, व्हिनाइलची वेगळी

आपण सगळ्यांना 'रेकॉर्ड' किंवा 'तवा' म्हणतो, पण यात मुख्य दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक कळला नाही तर नुकसान होतं.

जुनी जात लाखेची. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून ती बनायची. मिनिटाला ७८ फेरे. १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ही रेकॉर्ड जड, टणक आणि काचेसारखी ठिसूळ असते, हातातून पडली की तुकडे. चावीच्या फोनोवर, पोलादी सुईने आणि कर्ण्यातून जी वाजायची ती हीच. परदेशात ही जात लवकर बंद झाली, पण आपल्याकडे १९६० च्या दशकातही निघत होती, कारण वीज नसलेल्या घरांत चावीचे फोनो चालू होते.

दुसरी जात व्हिनाइलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची. कोलंबिया कंपनीने अमेरिकेत १९४८ साली १२ इंची एलपी आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि एका बाजूला २० ते २५ मिनिटं. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी ७ इंची तबकडी आली. व्हिनाइल हलकं, थोडं लवचीक आणि त्याची खाच फार बारीक असते. चावीच्या फोनोची पोलादी सुई एलपीवर ठेवली तर खाच खरवडून निघते. म्हणून मुलांना हौसेनेसुद्धा तसं करू देऊ नका.

खाचेत आवाज येतो कुठून?

तबकडीवर दिसतात त्या अनेक गोल रेषा नसतात. बाहेरच्या कडेपासून आत जाणारी ती एकच लांब खाच असते. एलपीच्या एका बाजूची खाच सरळ ताणली तर साधारण अर्धा किलोमीटर भरेल. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाजाच्या कंपनाप्रमाणे ही खाच वळणं घेत कोरली जाते. ऐकताना हिऱ्याची बारीक सुई त्या वळणांतून जाते आणि तशीच थरथरते. सुईच्या मागे चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. थरथरीमुळे त्यात अगदी क्षीण वीज तयार होते. तीच अँप्लिफायरमध्ये वाढवली की स्पीकरमधून आवाज.

स्टिरिओ रेकॉर्डमध्ये तर आणखी गंमत आहे. खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसऱ्या भिंतीवर उजवा. एकच सुई दोन्ही एकदम वाचते.

चावीच्या फोनोत वीजही नाही. सुईची थरथर पातळ पडद्याला मिळते आणि कर्णा ती मोठी करतो, बस्स. म्हणजे ७० वर्षांपूर्वी गाणाऱ्याच्या श्वासाने जे वळण उमटलं, त्याच वळणाला आज तुमच्या घरात सुई लागते. मोबाइलमधलं गाणं आकड्यांच्या रूपात असतं. इथे आवाजाचा ठसा खराखुरा हातात धरता येतो. आमच्या मते रेकॉर्डचं अर्धं आकर्षण यात आहे.

आपल्या माणसांचा आवाज

भारतात तबकड्यांची सुरुवात १९०२ साली कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यंत्रं घेऊन आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी गौहर जान यांचा आवाज घेतला. गौहर जान यांचा जन्म आझमगढचा, वडील अर्मेनियन. आईने पुढे इस्लाम स्वीकारला आणि ती मलका जान या नावाने ओळखली गेली. गौहर जान गाणं संपलं की इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. ती ऐट नव्हती. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जायच्या. तिथल्या कामगारांना हिंदुस्तानी गाणं कळत नव्हतं. कोणाचा आवाज आहे ते शेवटी ऐकून त्यांनी कागदी लेबल लावायचं, अशी सोय होती. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, १९२८ साली डमडमला मोठा झाला आणि रेकॉर्ड आपल्याकडेच बनू लागल्या.

महाराष्ट्राशी नातं सांगायचं तर मिरजेचं नाव आधी घ्यावं लागेल. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेत स्थिरावले. १९३७ साली त्यांचं निधन झालं. ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आता सापडणं कठीण. पण १९३० च्या दशकात त्यांनी दिलेल्या तबकड्या आहेत. त्यांत झिंझोटीतली ठुमरी आहे आणि 'चंद्रिका ही जणू' हे मराठी नाट्यगीतही आहे. कैरान्याचा खाँसाहेब मराठी पद गातोय, आणि त्याचा पुरावा लाखेच्या तव्यावर आहे!

कव्वालीचं तर विचारूच नका. उर्सात रात्रभर चालणारी कव्वाली तीन मिनिटांत बसवणं सोपं नव्हतं. तरी कल्लू कव्वाल, प्यारू कव्वाल यांच्या तबकड्या गावोगाव पोचल्या. पुढे मुंबई कव्वालीचं मोठं केंद्र झाली. इस्माईल आझाद यांची 'अल हिलाल' (१९५८) मधली कव्वाली घराघरात वाजली. यूसुफ आझाद, शकीला बानो भोपाली, जानी बाबू, अझीझ नाझाँ ही नावं आजही आपल्या घरातली मोठी माणसं सहज घेतात. 'बरसात की रात' (१९६०) मधली कव्वाली १० मिनिटांच्या वर जाते. ती ७८ च्या तव्यावर ऐकायची तर मध्ये उठून तवा उलटायचा, पुढचा लावायचा. एलपी आली आणि हा व्याप संपला.

लेबल वाचण्यातही इतिहास असतो. एका तव्यावर 'अख्तरीबाई फैजाबादी' छापलेलं असतं आणि नंतरच्या तव्यावर 'बेगम अख्तर'. मध्ये १९४५ साली लखनौच्या बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी झालेला निकाह आहे. आवाज एकच, आयुष्याची दोन पानं.

खरंच जास्त चांगलं ऐकू येतं का?

इथे आम्ही खरं तेच सांगू. मोजमाप करायला गेलं तर सीडी किंवा चांगली डिजिटल फाइल पुढे आहे. तिच्यात खरखर नाही, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर ती जास्त दाखवू शकते आणि ती झिजत नाही. रेकॉर्डचा आवाज 'ऊबदार' वाटतो, तो सवयीचा, रेकॉर्ड कशी कापलीय त्याचा आणि आपल्या यंत्राचा परिणाम असतो. स्वस्त खेळण्यातल्या टर्नटेबलवर तर चांगली रेकॉर्डही वाईट वाजते.

मग फरक कुठे पडतो? ऐकण्याच्या रीतीत. रेकॉर्ड ऐकायची म्हणजे पाकिटातून कडेने धरून काढा, पुसा, सुई अलगद ठेवा, बसा. मन लागलं नाही म्हणून दर दहा सेकंदाला गाणं पुढे ढकलता येत नाही. वीस मिनिटांनी बाजू संपते आणि कोणीतरी उठावंच लागतं. अजान झाली की सुई उचलायची, हे तर जुन्या घरांत सांगावंही लागत नसे.

सूफी बुजुर्गांमध्ये समाअचे आदाब सांगितले आहेत. हजरत जुनैद बगदादी यांच्याकडून सांगितलं जातं आणि इमाम गज्जाली यांनीही नोंदवलं आहे की ऐकण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. ते बोलणं रूहानी महफिलीबद्दल होतं, रेकॉर्डबद्दल नाही. पण मोबाइलने आपल्याकडून नेमक्या याच तीन गोष्टी काढून घेतल्या. आता आपण कधीही, कुठेही आणि एकेकटे, कानात बोंडं घालून ऐकतो. रेकॉर्ड या तिन्ही गोष्टी पुन्हा मागते. एका खोलीत तीन पिढ्या बसून एकच आवाज ऐकतायत, असं आपल्या घरात शेवटचं कधी झालं होतं?

तिलावत आणि तबकडी

संगीताच्या बाबतीत आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. वाद्यांना मनाई करणारे आहेत, अटींसह कव्वालीला जागा देणारे आहेत. तो फैसला करणं आमचं काम नाही. प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून चालावं. पण रेकॉर्डचा इतिहास फक्त गाण्याचा नाही, हे मात्र माहीत असायला हवं.

इजिप्तचे कारी शेख मुहम्मद रिफअत यांच्या तिलावतीने १९३४ साली तिथला सरकारी रेडिओ सुरू झाला. त्यांच्या आवाजाचा जो ठेवा आज उरलाय, त्यातला बराचसा चाहत्यांनी रेडिओवरून स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करून ठेवला म्हणून उरलाय. त्यानंतर इजिप्तच्याच लबीब अस-सईद यांनी ध्यास घेतला की संपूर्ण कुरआन शरीफची तिलावत रेकॉर्ड व्हावी. मोठे कारी दुनियेतून जातात आणि त्यांची किराअत त्यांच्याबरोबर जाते, याची त्यांना चिंता होती. शिवाय तजवीद पुस्तकातून पुरती शिकता येत नाही, ती कानाने शिकावी लागते. शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात हे काम झालं आणि १९६१ साली संपूर्ण कुरआनच्या तबकड्या लोकांपर्यंत आल्या. आज मोबाइलच्या ॲपवर आपली मुलं हुसरींच्या मागे आयत म्हणतात, त्याची सुरुवात त्या तबकड्यांपासून आहे.

घरात तिलावतीची रेकॉर्ड निघाली तर ती वेगळी काढा आणि अदबीने ठेवा. ती लावायची तर गप्पांच्या मागे वाजत ठेवण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी.

गोळा करायची हौस, आणि तिची हद्द

रेकॉर्ड जमवणाऱ्यांचं वेड पाहून घरचे वैतागतात, आणि कधीकधी त्यांचं बरोबरही असतं. दुर्मिळ तव्याच्या मागे पैसा किती जातो ते कळत नाही. घरखर्च बाजूला ठेवून शौक होत असेल, किंवा तवे ऐकायचे सोडून नुसते मोजले जात असतील, तर तो इसराफच. पन्नास रेकॉर्ड असाव्यात पण सगळ्या ऐकलेल्या असाव्यात, असं आम्हाला वाटतं.

घेताना तबकडी उजेडात तिरकी धरून पाहा. नख अडकेल अशी चीर असेल तर तिथे सुई उडी मारणार. पाकीट आणि आतली रेकॉर्ड एकच आहे ना, तेही बघा. विकणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. नबी-ए-करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं निघालं. ओला माल वर का ठेवला नाही, असं त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारलं. हदीसमधला हा प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलाय. चिरा गेलेला तवा चांगल्या पाकिटात घालून विकणं त्याहून वेगळं नाही.

खोका निघालाच, तर काय करायचं

पहिली गोष्ट, घाईने वाजवू नका. धुळीसकट सुई फिरवली की धूळच खाचेत घासली जाते.

लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीच पुसू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, तवा कायमचा जातो. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य लिक्विड साबणाचा एखादा थेंब टाका, मऊ कापड त्यात भिजवून घट्ट पिळा, खाचेच्या दिशेने गोल फिरवा आणि लगेच सुक्या कापडाने टिपा. मधलं कागदी लेबल भिजू देऊ नका. व्हिनाइललाही हीच रीत चालते, रोजच्या धुळीला मऊ ब्रश पुरे.

रेकॉर्ड पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या लाखेच्या तडकतात आणि व्हिनाइलच्या वाकतात. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात एलपीची वाटी होते. कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून पाहत जा.

७८ ची रेकॉर्ड ऐकायला टर्नटेबलवर ७८ चा वेग लागतो आणि जाड टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाला घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. चावीच्या फोनोवर वाजवायची असेल तर प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावायची, हा जुन्या माणसांचा नियम कंजुषी न करता पाळा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यादी. लेबलवरचं गाणं, गाणाऱ्याचं नाव, कंपनी आणि नंबर वहीत उतरवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मोठ्या गायकांची गाणी कुठेतरी मिळतीलच. पण आपल्या भागातल्या कव्वालांच्या, नात पढणाऱ्यांच्या कित्येक तबकड्या अजून कोणी कॉम्प्युटरवर उतरवलेल्या नाहीत. अशा तव्याची उरलेली एखादी प्रत तुमच्याच माळ्यावर असू शकते. ती किलोच्या भावाने गेली की तो आवाज दुनियेतून गेला. शक्य असेल तर जाणकाराकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या. इंटरनेटवर टाकण्याआधी एवढं लक्षात ठेवा: आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो आणि शब्द-चालीचा हक्क त्याहून वेगळा असतो.

त्या खोक्याचं काय झालं

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. खोक्यात ३४ तबकड्या होत्या. आडव्या रचलेल्या असल्याने ११ आधीच तडकलेल्या. उरलेल्या नातीने पुसल्या, यादी केली आणि चोरबाजारातल्या एका जुन्या दुकानात नेऊन त्यांतल्या चार ऐकवून घेतल्या. बरोबर दादीही गेली होती.

तिसरा तवा नातेचा होता. पाकिटावर पेन्सिलीने एक तारीख आणि दादाजानची सही. खरखर खूप होती. दादी आधी काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "ही तुझ्या अब्बाच्या अकीक्याच्या दिवशी आणली होती. सकाळभर हीच लावून बसले होते." मुलीचे अब्बा शेजारीच उभे होते. आपल्या अकीक्याची ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

दुकानदाराने त्या तव्याची चांगली किंमत सांगितली. दादीने तवा पुन्हा पाकिटात घातला आणि पिशवी स्वतःच्या हातात घेतली. तडकलेल्या अकरा तव्यांत कोणाचे आवाज होते, ते मात्र आता फक्त लेबलवर वाचायचं.

तुमच्या माळ्यावर असा खोका असेल, तर या रविवारी खाली काढा. घरात जे सगळ्यात वयस्कर आहेत, त्यांना शेजारी बसवा आणि मगच उघडा. तवा वाजो न वाजो, त्याच्या मागची गोष्ट सांगणारं माणूस कायमचं नसतं.